तो विंचूवाला मी नाही

अंदमानच्या सहलीत पाण्याखाली काढलेल्या माझ्या व्हिडिओसाठी नऊ दिवस त्या टूरवाल्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो. काल रात्री घोडबंदर रोडवर पावणेदोन तास सडून घरी आलो, तेव्हा कुठे साहेबांनी व्हिडिओची लिंक पाठवली. भरलं ताट सोडून बघायला बसलो. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. निळंशार पाणी, बुडबुडे, मागे कसलं तरी धडाधड म्युझिक आणि मधोमध एक माणूस.

तो माणूस मी नाही!

सपाट पोट, काळी चड्डी, डाव्या पोटरीवर हा एवढा विंचू गोंदवलेला. बायको खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "पोट कुठे गेलं तुझं?" अठराशे रुपये मोजलेत मी. 'स्नॉर्कलिंग पॅकेजमध्येच आहे दादा, फक्त व्हिडिओचे वेगळे.' सकाळी फोन केला तर हा पठ्ठ्या नौपाड्यात एसीत बसून मला सांगतोय, "दादा, मास्क लावला की सगळे सारखेच दिसतात." सारखेच? मग पुढच्या वेळी त्या विंचूवाल्यालाच पाठव की माझ्या तिकिटावर. वर विचारतो, "पण व्हिडिओ क्लिअर आलाय ना?" आलाय रे बाबा! नांगीचं टोकसुद्धा दिसतंय!

आणि म्हणे 'गाईडेड' टूर. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपच्या, एलिफंट बीचवर त्या गाईडने मला एकूण तीन वाक्यं ऐकवली. सर, थम्स अप. सर, स्माइल. सर, टाइम खतम. तोंडात नळी कोंबलेली असताना स्माइल कुठून देऊ, कानातून? तो पोरगा पोहायचा मात्र माशासारखा, त्याच्यावर राग नाही. त्याला तासाभरात दहा-बारा म्हशी ट्यूबला धरून ओढायच्या होत्या, त्यातली मी एक. माझा मास्क धुकटू नये म्हणून तो आत थुंकला. उपाय खरा आहे, मान्य. पण माझ्या मास्कमध्ये माझी थुंकी मला टाकू दे ना!

जाण्याआधी महिनाभर वाचून गेलो होतो, हाच मूर्खपणा. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, वगैरे. खाली बोट दाखवून विचारलं, हे कुठलं कोरल? तर म्हणे, "सर, पत्थर है." आणि त्याच 'पत्थर'वर आमच्या ग्रुपमधले एक काका दोन्ही पाय रोवून चड्डीची नाडी बांधत उभे. त्यांना कोणी काही बोललं नाही. मी बोललो, तर रात्री जेवताना काकूंनी माझ्याशी अबोला धरला.

कयाकिंगची तऱ्हा वेगळीच. खारफुटीतून वल्हवायचं. पुढे बायको, मागे मी, आणि दोघांची वल्ही एकमेकांवर आपटतायत. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण इतकं भांडण त्या पाऊण तासातच झालं. गाईड पुढच्या कयाकमधून ओरडून सांगतोय, "सर, ये मॅन्ग्रोव्ह है." मला? आठ वर्षं ऐरोली पुलावरून रोज ये-जा करतोय मी! ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आमच्याकडे चिखलातून वर आलेल्या तिवरांच्या मुळ्या आहेत, फ्लेमिंगो आहेत, त्या मुळ्यांत अडकलेल्या पिशव्यांचे सगळे रंग आहेत. (खोटं कशाला बोलू, तिथली झाडं भारी होती. मुळांवर अशी उभी, की आत्ता चालायला लागतील. आणि पाण्याला वास नव्हता, हेच आधी खटकलं.)

सूर्यास्ताचं तर नावच काढू नका. डिसेंबरात तिथे पाचच्या आसपास सूर्य बुडतो. आमची गाडी राधानगर बीचवर पोचली साडेपाचला. शेड्यूलमध्ये 'सनसेट ५.३०' छापलंय म्हणे. छापणारा कधी ठाण्याबाहेर गेला असेल असं वाटत नाही. पन्नास माणसं काळोखाकडे तोंड करून सेल्फी काढत होती. ओले कपडे बदलायला पन्नास रुपये, आणि आत कडी नाही, दार हाताने धरून ठेवायचं.

आता खरं सांगतो, घरात कोणी वाचणार नाही म्हणून. मला पोहता येत नाही. तलावांच्या शहरात जन्मलो, मासुंद्याकाठी भेळ खाल्ली, पाण्यात मात्र कधी उतरलो नाही. त्या दिवशी मी पाण्याखाली तोंड घातलं ते जेमतेम चार वेळा, आणि चारही वेळा किंचाळत वर आलो. माझा खरा व्हिडिओ सापडलाच, तर त्यात एक ट्यूब, दोन लटपटते पाय आणि त्या पोराच्या दंडात रुतलेली माझी नखं, एवढंच असणार. माझ्या बायकोच्या मते टूरवाल्याने दया केली.

म्हणून रागारागात विंचूवालाच स्टेटसला टाकला. दुपारपर्यंत त्रेचाळीस जणांनी बघितला. ऑफिसातून 'काय फिटनेस!', मावशीकडून 'बारीक झालास रे.' मी सगळ्यांना हात जोडलेले पाठवले.

संध्याकाळी आईचा फोन. "गोंदवून घेतलंस आणि घरात सांगायची पद्धत नाही?" वीस मिनिटं झाली, अजून फोन चालूच आहे.