खुलासा : २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीबद्दलची माझी पोस्ट

‘हिलरी क्लिंटन यांना २८ लाख मतं जास्त पडली, तरी ट्रम्प जिंकले, म्हणजे मोजणीत घोळ झाला’ असं मी मागे लिहिलं होतं. ती पोस्ट आता माझं नाव गाळून फिरते आहे. त्यातला आकडा बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा. चूक माझीच.

तिथे देशभरातल्या मतांच्या बेरजेवर अध्यक्ष ठरत नाही. राज्यनिहाय मिळून ५३८ प्रतिनिधी-मतं (अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची मतं, म्हणजे ‘इलेक्टोरल व्होट्स’) असतात आणि त्यातली २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता, राज्यात जो एका मताने का होईना पुढे, त्याला त्या राज्याची सगळी प्रतिनिधी-मतं. कॅलिफोर्नियात क्लिंटन ४० लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या, पण त्या आघाडीचा राज्याबाहेर काडीचा उपयोग नव्हता. उलट मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्वेनिया या तिन्ही राज्यांत मिळून ट्रम्प यांची आघाडी ८० हजारांच्याही आत, आणि त्यावर त्यांना ४६ प्रतिनिधी-मतं मिळाली. मिशिगनमध्ये तर फरक जेमतेम ११ हजारांचा. निकाल फिरला तो इथे.

२००० सालीही अध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांना देशभरात जास्त मतं होती. फ्लोरिडात ते ५३७ मतांनी मागे पडले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश अध्यक्ष झाले.

ही पद्धत मला आजही पटत नाही. पण न पटणं वेगळं आणि घोटाळ्याचा आरोप वेगळा. मूळ पोस्ट मी काढली आहे. तुमच्या ग्रुपवर ती आली असेल तर कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवली असेल त्यांना हा खुलासा द्या.