‘ज्यांना दोन वायरी जोडता येत नाहीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत केबलचं इंटरनेट घेणाऱ्यांनी कंपनीचा भाड्याचा डबा परत करावा आणि मॉडेम (केबलमधून नेट घरात आणणारा) व वायफाय राउटर (ते घरभर वाटणारा) एकत्र असलेलं यंत्र स्वतः विकत घ्यावं, असं मी पंधरा दिवसांपूर्वी इथे लिहिलं. त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचे चार मुद्दे होते. २४×८ चॅनेलचा (नेट आत आणायला २४ वाटा, बाहेर पाठवायला ८) डॉक्सिस ३.० मॉडेम गिगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटच्या, प्लॅनला पुरतो, हे मी चुकीचं लिहिलं. (डॉक्सिस म्हणजे केबलवरून नेट चालवायचं मानक.) एकत्र डब्यातलं वायफाय जुनं झालं की सोबत चांगला मॉडेमही फेकावा लागतो. अशा डब्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, आपल्या हातात नसतं, म्हणून तो सुरक्षित नाही. आणि शेवटी हे वाक्य : “काकू, ज्यांना दोन वायरी जोडता येत नाहीत त्यांच्यासाठी असले डबे असतात. नवीन येणाऱ्या मुलांची दिशाभूल करू नका.”

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. डॉक्सिस ३.० मध्ये एका चॅनेलवरून कागदोपत्री सेकंदाला जवळजवळ ४३ मेगाबिट येतात, पण वरखर्च वजा जाता हातात साधारण ३८ पडतात. चोवीस चॅनेलचे झाले ९१२. मी कागदावरचा आकडा धरून हिशेब केला होता. गिगाबिटचा प्लॅन असेल तर डॉक्सिस ३.१ च घ्यावा. ती ओळ मी लेखात बदलली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण गेले चार दिवस ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मला काकू म्हणायला माझी काहीच हरकत नाही. इथल्या मराठी मंडळातली निम्मी पोरं मला काकूच म्हणतात, आणि ती म्हणतात तेव्हा बरं वाटतं. पण तुम्ही जिथे आणि जसं म्हटलंत, तिथे ते नातं जोडायला वापरलेलं नाही. ‘तुम्हाला यातलं काय कळतंय’ हे वाक्य सभ्य दिसावं म्हणून त्यावर काकू हा शब्द पांघरलेला आहे. मुद्दा मांडायला कोणीही यावं. दुसऱ्याच्या घरी जाताना चपला दाराबाहेर काढतो, तेवढं मात्र पाळावं.

आणि वायरींचं म्हणाल तर ऐका. १९९९ साली पुण्यात व्हीएसएनएलचा डायल-अप जोडायचा म्हणून मी टेलिफोनचं सॉकेट उघडून बसायचे. फोन आला की लाइन तुटायची आणि आई ओरडायची. २००३ मध्ये न्यू जर्सीत आले, तेव्हा घरात केबल मॉडेम वेगळा आणि लिंक्सिसचा तो निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राउटर वेगळा, अशीच मांडणी होती. तो राउटर लिनक्सवर चालायचा, म्हणून २००६ मध्ये त्यावर मी स्वतः डीडी-डब्ल्यूआरटी हे पर्यायी फर्मवेअर चढवलं. रात्री दोन वाजेपर्यंत जागून, आणि एकदा यंत्र जवळजवळ निकामी करून. २००३ ते २०१४ ही अकरा वर्षं मी दोन वेगळे डबे वापरले. तुम्ही आज मला जे शिकवायला आलात, ते मी तेव्हा मंडळातल्या लोकांना हिरिरीने सांगत असे. नंतर मत बदललं, ते अज्ञानामुळे नाही.

मत बदललं ते २०१४ च्या जानेवारीत. माझे सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, जिल्हा परिषदेत हिशेबनीस म्हणून उभी हयात गेलेली. रोज सकाळी साडेनऊला ते साताऱ्याला बहिणीशी बोलायचे, तिकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. एक दिवस बाहेर बर्फ, मी ऑफिसात, हे गावाबाहेर, आणि नेट गेलं. बाबांचा फोन आला. मी म्हटलं, दोन्हीचा प्लग काढा, आधी मोठा डबा लावा, दोन मिनिटं थांबा, मग छोटा. त्यांनी विचारलं, मोठा म्हणजे उभा की आडवा? मॉडेम उभा होता, राउटर आडवा आणि पसरट. मला ऑफिसात बसून आठवेना की त्यांना कुठला मोठा वाटत असेल. त्यांनी राउटर आधी लावला.

यात काय बिघडतं, ते तुम्हाला ठाऊक असणार. मॉडेम ऑनलाइन यायच्या आत राउटरने पत्ता मागितला, तर काही मॉडेम त्याला स्वतःच्याच पदरचा १९२.१६८.१०० ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता देऊन ठेवतात. मग दिवे सगळे हिरवे आणि नेट मात्र नाही. बाबांनी तीनदा करून पाहिलं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते त्या दोन डब्यांसमोर खुर्ची टाकून बसले होते, हातात कागद, कागदावर दोन्ही डब्यांचे दिवे कुठल्या क्रमाने लागले ते वेळेसकट लिहिलेलं. चाळीस वर्षं सरकारी खतावण्या बिनचूक ठेवणारा माणूस मला म्हणाला, “माझंच काहीतरी चुकतंय गं.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. ज्या घरात दिवसभर ते एकटे असणार, त्या घरात मी माझ्या हौसेची मांडणी ठेवली होती. त्याच आठवड्यात एकत्र डबा आणला. नेट गेलं की एक प्लग काढायचा, तीसपर्यंत मोजायचं, पुन्हा लावायचा. पुढचे पाच महिने मला ऑफिसात एकही फोन आला नाही.

तेव्हा हो, ज्यांना दोन वायरी जोडता येत नाहीत त्यांच्यासाठीच मी लिहिते. ज्यांना जोडता येतात पण अंगात ताप असताना, कडेवर मूल असताना, परीक्षेच्या आदल्या रात्री जोडायच्या नसतात, त्यांच्यासाठीही लिहिते. तुम्ही ‘नवीन येणाऱ्या मुलांची’ काळजी केलीत. माझी भाची गेल्या वर्षी शिकायला आली, जर्सी सिटीत चौघी एका घरात. कोणी तरी तिला वेगळा मॉडेम, वेगळा राउटर असा सल्ला दिला, आणि पैसे वाचवायला तिने मॉडेम जुना घेतला. तो आधीच्या मालकाच्या खात्यावरच नोंदलेला निघाला. कंपनी त्याचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळखक्रमांक) घेईना, विकणारा फोन उचलेना. या चौघींना नेटवर्किंगचे धडे हवे होते की मंगळवारच्या ऑनलाइन वर्गाआधी चालणारं नेट?

आणखी एक गोष्ट. एकत्र डबा म्हणजे अडाण्याचं काम असं तुम्ही म्हणता, पण केबल कंपन्या भाड्याने देतात ते यंत्र बहुतेक वेळा एकत्रच असतं. पुण्यात आज फायबर घेतलं तर कंपनीचा माणूस भिंतीवर जो ओएनटी (फायबरचं मॉडेमसारखं यंत्र) ठोकून जातो, त्यातही वायफाय आतच असतं. तुमच्या आईवडिलांच्या घरी बहुधा तोच आहे. त्यांना तुम्ही कधी असं म्हणालात का?

वायफाय जुनं होतं, या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. चांगल्या एकत्र डब्यात ब्रिज मोड असतो. आतलं वायफाय बंद करायचं, पुढे हवा तो नवा राउटर लावायचा, आणि मॉडेम म्हणून तोच डबा आणखी चार वर्षं वापरायचा. काही फेकावं लागत नाही. तुम्ही मॉडेममधल्या इंटेलच्या प्यूमा ६ चिपचाही दाखला दिलात, की ऑनलाइन गेम खेळताना एकत्र डबे अडखळतात. ती चिप खरंच वाईट होती, २०१६ च्या शेवटी ते उघडकीला आलं. पण ज्या मॉडेलमुळे तिचा सर्वाधिक बोभाटा झाला ते अरिसचं एसबी६१९० हे नुसतं मॉडेम होतं. त्यात राउटर नव्हताच. तुमचा दाखला तुमच्याच बाजूच्या यंत्राचा निघाला.

फर्मवेअर आणि केबल हॉन्ट या मॉडेममधल्या सुरक्षेच्या त्रुटीबद्दल तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत. मॉडेम एकटा असो की एकत्र, त्याचं फर्मवेअर केबल कंपनीच पाठवते. त्यामुळे तो वाद मी इथे वाढवत नाही.

मला खरं दुःख याचं आहे की लेखातला जो भाग मी सर्वात मन लावून लिहिला, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत. मंडळातल्या ज्या घरांत मी आजवर गेले, तिथे बिघाड बहुतेक वेळा ना मॉडेमचा होता ना राउटरचा. तो कोॲक्स केबलीत, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या टीव्हीच्या जाड वायरीत होता. मागच्या हिवाळ्यात एका मैत्रिणीकडे गेले. दर संध्याकाळी नेट तुटायचं. कंपनीच्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितलं, राउटर बदला. तिने बदलला, दोनशे डॉलर गेले, नेट तसंच. मी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडलं. हे पान बहुतेक केबल मॉडेममध्ये असतं आणि कित्येकदा त्याला पासवर्डही लागत नाही. तिथे आत येणाऱ्या सिग्नलची ताकद उणे १३ डीबीएमव्ही (सिग्नल मोजायचं एकक) दिसत होती. उणे ७ ते अधिक ७ च्या मध्ये असली तर निर्धास्त राहावं. उणे १३ म्हणजे बोरिवलीच्या लोकलच्या दारात लटकून प्रवास, चालतोय तोवर चालतोय.

तळघरात जाऊन पाहिलं तर जुन्या टीव्हीच्या काळातला चार वाटांचा स्प्लिटर. त्याच्या तीन वाटा कुठेच जात नव्हत्या, चौथीवर मॉडेम. दोन वाटांचा स्प्लिटर सिग्नलचे साडेतीन डेसिबल खातो, चार वाटांचा सात. तो काढला, दोन टोकं सरळ जोडली, सांधे हाताने नाही तर पान्याने आवळले. आकडा उणे सहावर आला. तेव्हापासून तिचं नेट तुटलेलं नाही. तिच्या घरी यंत्र एकत्र होतं की वेगळं? वेगळं होतं. पण त्याने काहीच फरक पडला नसता, आणि म्हणूनच नवं यंत्र घ्यायच्या आधी ते पान उघडून बघा, असं मी लेखात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तुम्ही तिथवर पोचलातच नाहीत असं दिसतं. पोचला असतात तर स्पेक्ट्रम ही केबल कंपनी मॉडेमचं वेगळं भाडं लावत नाही, तेव्हा त्यांच्या ग्राहकांनी एकत्र डबा घेऊ नये, हेही माझ्याच लेखात सापडलं असतं. तेच तुम्ही मला नवीन म्हणून सांगितलंत.

भाड्याबद्दलही गप्प. २०१९ मध्ये मी एकत्र डबा १७० डॉलरला घेतला. त्याआधी कंपनी डब्याचं भाडं दरमहा १३ डॉलर घेत होती. तेरा महिन्यांत पैसे वसूल झाले, पुढची वर्षं फुकट. स्वतःचं यंत्र वापरणाऱ्या ग्राहकाकडून न दिलेल्या यंत्राचं भाडं घ्यायला अमेरिकन काँग्रेसने २०१९ च्या कायद्याने मनाई केली आणि २० डिसेंबर २०२० पासून ती लागू आहे. शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या मुलीला वर्षाचे दीडशे डॉलर म्हणजे काय, हे तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं. आम्ही २००३ साली लाँड्रीची नाणी डब्यात मोजून ठेवायचो.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. चॅनेलची दुरुस्ती ज्याला वाचायची त्याला ती वाचता यावी. त्याखाली तुमच्या बाजूने लिहिलेल्या दोघांनी मूळ लेख पुन्हा एकदा पूर्ण वाचावा, एवढी विनंती आहे. तुमच्याकडे कुठला मॉडेम आहे, सिग्नल किती येतो आणि घरात कोण कोण राहतं, हे लिहिलंत तर मी त्यावर जरूर बोलेन. बाबा परवा साताऱ्याहून विचारत होते, तो एकच प्लगवाला डबा अजून आहे ना. या मे महिन्यात ते पुन्हा यायचं म्हणतायत. आहे, म्हणून सांगितलं.