यात्रा कमिटीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

निवड झाली म्हणजे बैठकीला तुम्ही उशिरा पोचलात आणि तोवर कुणीतरी तुमचं नाव सुचवून टाकलं होतं. असो. आता चैत्रातली यात्रा तुमच्या गळ्यात आहे. देवाची काळजी करू नका, तो वर्षभर शांत असतो. सांभाळायचा असतो तो मान.

मान म्हणजे काय हे कळत नसेल तर चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जाऊन या. तिथं सासनकाठ्या, म्हणजे देवापुढं नाचवायच्या उंच काठ्या, मानाप्रमाणं निघतात. पहिल्या मानाची आपल्या साताऱ्याची, पाडळीची. दुसरी पाटण तालुक्यातल्या विह्याची. एवढ्या काठ्या, पण कुणाच्या पुढं कोण हे ठरलेलं, म्हणून मिरवणूक चालते. तुमच्या गावात हे ठरलेलं नाही. किंवा दोनदा ठरलेलं आहे, वेगवेगळं.

पहिलं काम वर्गणीचं. बैठकीत उंबऱ्यामागं हजार रुपये ठरवा. मग उंबरा म्हणजे काय यावर दोन तास घालवा. तीन भावांची रेशनकार्डं तीन असतात, घरकुलाचे अर्ज तीन असतात, पण पावतीपुस्तक दारात आलं की चूल एकच असल्याचं उघड होतं. वर्गणीला सकाळी जाऊ नका, माणूस रानात असतो. संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावर जा, आणि दिवस निवडताना दुधाच्या पगाराचा निवडा. हा पगार दहा दिवसांनी होतो आणि दुसऱ्या दिवशी संपतो. उसाचं बिल आलं का, असं चुकूनही विचारू नका. उत्तर सगळ्या गावाला पाठ आहे. प्रत्येक भावकीतला एकेक जण सोबत घ्या, म्हणजे नाही म्हणायला माणूस जरा लाजतो. लाजला नाही तर त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगा. कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी 1952 साली हेलसिंकीला गेला तो लोकांनी काढलेल्या वर्गणीवर, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला. समोरचा डोळ्यांत पाणी आणून ऐकेल आणि दोनशेची पावती फाडायला सांगेल. मुंबईकर मंडळाला मात्र थेट आकडा कळवायचा. गावात राहत नसल्यामुळे गावावर प्रेम करणं त्यांना परवडतं.

आता पत्रिका. यात्रेचं खरं दैवत हेच. वर ‘श्री भैरवनाथ प्रसन्न’, खाली कार्यक्रम चार ओळी, बाकी सगळी नावं. छापखान्यात दिलेला मजकूर तिघांनी मोठ्यानं वाचून तपासावा असा नियम आहे. तो पाळू नका, कारण मग गावाला बोलायला विषय उरत नाही. दोन हजार प्रती छापून गठ्ठे सोडले की कुणाचं तरी नाव राहिल्याचं कळतंच. तळाला ‘अनावधानाने कोणाचे नाव राहून गेल्यास क्षमस्व’ ही ओळ असतेच, पण ज्याचं नाव राहतं तो ती ओळ कधीच वाचत नाही. उपसरपंच राहिला तर दोन हजार स्टिकर छापा आणि ते चिकटवायला ज्यांच्यामुळे नाव राहिलं त्यांनाच बसवा. फ्लेक्सवर देवाचा फोटो मोबाइलवरून शोधून टाकतात. त्यात गंमत अशी की मिशा, तलवार आणि घोडा एवढं जुळलं की पोरं जोतिबाला भैरवनाथ करून मोकळी होतात. देव तक्रार करत नाही. डाव्या कोपऱ्यातला भावी जिल्हा परिषद सदस्य दोन इंचांनी लहान निघाला तर रात्रीत फ्लेक्स फाटतो.

कुस्त्यांकडं नीट लक्ष द्या, कारण इथं चुकलं तर आजूबाजूच्या वीस गावांत बोभाटा होतो. मैदानासाठी उताराच्या पायथ्याचं रान धरावं, म्हणजे माणसं चढावर बसतात आणि मागच्यालाही दिसतं. तुम्ही अर्थात सपाट रान घ्याल, कारण ते ज्याचं आहे त्याला मान द्यायचा राहिला होता. मग पुढचे उभे राहतील, मागचे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणून त्यांवर चढतील आणि एखादी ट्रॉली पुढच्या बाजूनं उठेल. रान नांगरून, रोटाव्हेटर मारून, खडे वेचून, माती चाळून घ्यायची. दोन दिवस आधी पाणी मारायचं आणि वाफशावर आणायची. मुठीत आवळली तर लाडू व्हावा, टाकला तर फुटावा. कोरडी राहिली तर धुरळा उडतो आणि कोपरं सोलतात. ओली राहिली तर पाय सरकतो, पट निसटतो आणि माती कानात जाऊन बसते. हे सगळं माहीत असलेला एक म्हातारा वस्ताद तालमीच्या पायरीवर बसलेला असतो. त्याला बोलावू नका. तो येईल आणि माती बघून परत पाठवील. त्याऐवजी सकाळी अकराला टँकर उलटा करा. तालमीच्या हौद्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालतात ते कातडीला बरं म्हणून. तुम्ही पोतंभर गुलाल ओता. डोळ्यांत गेला की चुरचुरतो, पण ड्रोनमधून लाल दिसतं.

लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग शंभर, दोनशे, पाचशे असं चढत जातं. जोड लावताना उंची आणि वजन बघायचं असतं, मामा कोण ते बघायचं नसतं. यात अदलाबदल झाली की पाहुणा पैलवान पहिल्याच पकडीत चीत होतो आणि हलगी थांबायच्या आत मैदानात शंभर पंच उतरतात. शेवटच्या कुस्तीचं इनाम लाखाचं ठेवलं असेल तर ‘निकाली’ हा शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापा. दोघं पाऊण तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहतील, अंधार पडेल, बरोबरी सुटेल आणि इनाम निम्मं निम्मं होईल. तोवर ट्रॉल्यांवर चढलेला गाव पाण्याच्या बाटल्या कुठवर फेकता येतात ते अजमावत असतो.

बैलगाडा शर्यत घ्यायची असेल तर एवढंच ध्यानात ठेवा. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बंद केली, 2021 च्या डिसेंबरात अटींवर सुरू झाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं कायदा उचलून धरला. त्या अटी वाचलेला माणूस कमिटीत एकच असतो आणि त्याला निवेदनाला बसवतात.

जेवणाचं गणित मात्र सोपं. पंचवीस किलोच्या बोकडाचं मटण निम्मंच पडतं, म्हणजे बारा किलो. माणशी दोनशे ग्रॅम धरलं तर साठ पानं. तुम्ही साठ जणांना बोलावलेलं असतं, पण थोरल्याच्या दोस्तांनी आपापले दोस्त आणलेले असतात. रस्सा वाढवायचाच तर आधणाचं पाणी घाला. गार पाणी ओतलं की तर्री बसते, आणि यात्रा कशी झाली असं कुणी विचारलं की पाहुणे आधी तेच सांगतात.

रात्री तमाशा. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, तिथं जाऊन सुपारी द्यायची, आणि जाताना तिघांनीच जायचं. अकरा जण गेलात तर सुपारीइतकाच खर्च वाटेतल्या धाब्यांवर होतो. फड वेळेवर तयार असतो. गावाचा वेळ सत्कारांत जातो. बेचाळीस सत्कार, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं, आणि यात ‘दोन शब्द’ धरलेले नाहीत. नारळ बारा पुरतात. स्टेजच्या मागून फिरवायला एक चपळ पोरगं ठेवा. फेटे बांधणारा आणू नका, शिवलेले आणा. ते नऊ जणांच्या डोळ्यांवर उतरतील, पण वेळ वाचेल. नऊला लावलेला कार्यक्रम असा पावणेअकराला गणावर येतो. लाउडस्पीकरची वेळ दहापर्यंत. वर्षातले पंधराच दिवस बारापर्यंत सवलत देता येते आणि ते दिवस जिल्हाधिकारी ठरवतात, तुमची बैठक नव्हे. गण झाला, गवळण झाली, बतावणी रंगात आली की फौजदार साहेब दिसतात. वगातला राजा अजून पडद्याआड मिशी चिकटवत असतो. फौजदारांचा सत्कार राहिला होता हे तेव्हा आठवतं.

छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची रात्रीची मिरवणूक, पत्रिकेत शेवटच्या ओळीत असतो. पालखीला एका वेळी चौघं लागतात. खांदा बदलायला आणखी चौघं आणि तेही थकणार म्हणून आठ, असे सोळा जण धरा. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी हातांची साखळी करून वर नेतात, तिथं माणसं कमी पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तुमच्याकडं बेचाळीस फेट्यांतला एकही रात्री दोनला जागा नसतो. सहा म्हातारे, गुरव आणि हलगीवाला एवढ्यांत पालखी गाव फिरते. वळणावर थांबते ती मानाच्या वादानं नव्हे, दम लागतो म्हणून.

हिशोब आठ दिवसांत देवळाच्या भिंतीवर लावा. मंडप, फड, इनामं, छपाई, स्टिकर आणि शेवटी ‘किरकोळ’, जो मंडपापेक्षा मोठा असतो. गुरव येईल आणि मशालीच्या तेलाचे एकशेऐंशी रुपये त्यानं पदरचे घातल्याचं हळू आवाजात सांगेल. त्याला सांगा, किरकोळमध्ये धरलेत.