पंपाचा स्विच म्हणजे पेट्रोलचा नळ नव्हे

ट्रक लाकूडगॅसवर (गॅसिफायर नावाच्या भट्टीत लाकूड अर्धवट जाळून मिळणाऱ्या गॅसवर) आणू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: 'फ्युएल पंपाच्या वायरीत एक टॉगल स्विच टाका. गॅस धरला की पंप बंद, पेट्रोल लागलं की चालू. इंजेक्टरला (पेट्रोल फवारणाऱ्या तोटीला) काही होत नाही, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) हात लावायची गरज नाही, चालू ठेवलात तर मात्र पंप जळेल. डिझेल गाडीलाही हीच युक्ती चालते.' यातला डिझेलचा भाग साफ चुकीचा आहे. बाकीचा अर्धवट खरा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'पंप बंद म्हणजे पेट्रोल बंद.' पंप थांबला तरी रेल, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, भरलेलीच असते; पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पेट्रोल धरून ठेवतो. मल्टिपोर्ट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीत रेलचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. ईसीयू इंजेक्टर उघडत राहतो, दाब काही सेकंदांत पडतो, पण इंजेक्टरच्या दुसऱ्या टोकाला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) ओढ असतेच. उरलेलं पेट्रोल आणि त्याची वाफ ती थोडीथोडी ओढून घेते. नेमकं याच वेळी तुम्ही एअर व्हॉल्व्हवर मिश्रण जुळवत असता. लाकूडगॅसला हवा जवळपास गॅसइतकीच लागते. त्यात किती पेट्रोल पडतंय याचा पत्ता नसला, तर आत्ता जुळलेलं मिश्रण थोड्या वेळाने पुन्हा बिघडतं, आणि बोल लागतो बिचाऱ्या गॅसिफायरला.

पेट्रोलवर परत येताना त्रास जास्त. रिकामी रेल इंजिनच्या उष्णतेने वाफेने भरलेली असते. ईसीयू पंपाला २ सेकंदांचा दाबभरणीचा झटका देतो तो चावी फिरवताना. चालत्या गाडीत तुम्ही स्विच टाकलात तर तशी उसंत मिळत नाही. अर्ध्या चढावर गॅस अपुरा पडला म्हणून स्विच टाकावा आणि इंजिनने दोन-चार गचके द्यावेत, ते यामुळे.

तोडायचं ते इंजेक्शन. बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजेक्टरला १२ व्होल्ट एका सामायिक वायरीने येतात आणि ईसीयू प्रत्येकाची अर्थ बाजू जोडतो-तोडतो. त्या सामायिक वायरीत, फ्यूजच्या पुढे, पाच पिनांचा रिले बसवा: ३० क्रमांकाच्या पिनवर येणारा पुरवठा, ८७ए वरून इंजेक्टरकडे, ८५-८६ ला डॅशवरचा स्विच. ८७ए मुद्दाम, कारण ती पिन रिलेला वीज नसताना जोडलेली असते, त्यामुळे रिलेची कॉइल गेली तरी गाडी पेट्रोलवर चालू राहते. वायर कापण्याआधी सर्किटचा नकाशा बघाच. काही गाड्यांत त्याच फ्यूजवर इग्निशन कॉइलही असतात, आणि मग इंजेक्टरबरोबर ठिणगीही जाते.

'चालू ठेवला तर पंप जळेल.' टाकीतल्या पंपाला थंडावा आणि वंगण पेट्रोलच देतं. इंजेक्टर बंद असले तरी प्रेशर रेग्युलेटर जादा पेट्रोल टाकीत परत सोडतो, त्यामुळे पंप अडकून तापत नाही. पंप मरतो तो टाकी कोरडी असताना, आणि लाकडावर गाडी चालवणारे नेमकी तीच कोरडी ठेवतात! पाव टाकी पेट्रोल कायम असू द्या. फुकट जाते ती वीज: ६ अँपिअरचा पंप साधारण ८० वॉट खातो. लांबच्या सपाट रस्त्यावर तो बंद करणं त्यामुळे रास्त आहे, फक्त क्रम सांभाळा. आधी इंजेक्टर बंद, मग पंप. परतताना आधी पंप, २-३ सेकंद थांबून इंजेक्टर, मग गॅसचा व्हॉल्व्ह. चढ-उताराच्या रस्त्यावर पंप चालूच ठेवलेला बरा.

'स्विच थेट पंपाच्या वायरीत टाका.' सगळ्यात घातक वाक्य हे. स्वस्त टॉगलवर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते बहुधा घरगुती एसी पुरवठ्यासाठी. डीसीमध्ये तोडताना ठिणगी लांबते आणि संपर्क काळे पडतात. काळ्या संपर्कावर १ व्होल्ट जरी पडला, तरी ६ अँपिअरला त्या एवढ्याशा स्विचमध्ये ६ वॉट उष्णता झाली. प्लॅस्टिक मऊ पडतं, पंपाला व्होल्टेज कमी मिळतं आणि पेट्रोलवर भार घेताना गाडी लीन होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतं.

याहून वाईट जोडणी म्हणजे बॅटरीवरून थेट पंपाला वायर. इंजिन थांबलं की ईसीयू पंपाचा रिले सोडतो. काही गाड्यांत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विचही असतो. थेट वायर या दोन्हींना वळसा घालते. अपघातात लाइन फुटली तर पंप पेट्रोल ओतत राहतो, आणि मागे गॅसिफायरच्या भट्टीत हजारेक अंश सेल्सिअसचे निखारे असतात.

स्विच पंप-रिलेच्या कॉइलच्या वायरीत टाका. तिथे ०.२ अँपिअरच्या आसपासच प्रवाह असतो, साधा स्विच आणि बारीक वायर पुरते, आणि ईसीयूचा ताबा शाबूत राहतो. जनरल मोटर्सच्या जुन्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या ट्रकमध्ये मात्र पंपाला दुसरी वाट असते, ऑइल प्रेशर स्विचमधून. रिलेची कॉइल तोडली तरी तेलाचा दाब आहे तोवर पंप फिरतो. तिथे दोन्ही वाटा एकत्र आल्यानंतरच्या वायरीत वेगळा रिले लागतो. इंजिन चालू, स्विच बंद, आणि पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर: शून्य दिसलं तर जोडणी बरोबर.

'इंजेक्टरला काही होत नाही, ईसीयूला कळत नाही.' कोरडा इंजेक्टर लगेच जळत नाही हे खरं. पण पेट्रोलच्या थंडाव्याविना टकटकत राहिला की सुई आणि सीट झिजतात, आणि गॅसमध्ये डांबर असेल तर टोकावर थर बसतो. ईसीयूचं म्हणाल तर त्याला ऑक्सिजन सेन्सर दिसतच असतो. गॅस लीन असला की तो पेट्रोल वाढवत जातो, ट्रिम (ईसीयूची पेट्रोलची ही दुरुस्ती) टोकाला जातं, आणि पेट्रोलवर परतल्यावर गाडी काळा धूर टाकते. गॅसवर असताना पुढच्या सेन्सरची सिग्नल वायर इंजेक्टरच्याच स्विचने तोडली की बहुतेक ईसीयू ओपन लूपमध्ये जातात, म्हणजे सेन्सरकडे न बघता ठरावीक हिशेबाने चालतात. चेक लाइट लागेल. इंजेक्टर रिलेने तोडले तर पी०२०१पासूनचे इंजेक्टर-सर्किटचे बिघाड-कोडही येऊ शकतात, तेव्हा ते पाहून घाबरू नका. टायमिंगचा (ठिणगी कधी पडावी याचा) प्रश्न यातल्या कुठल्याच स्विचने सुटत नाही. लाकूडगॅस हळू जळतो, त्याला १० ते १५ अंश जास्त ॲडव्हान्स हवा, म्हणजे ठिणगी तेवढी आधी पडायला हवी.

कार्ब्युरेटरच्या गाडीत हे पुष्कळ सोपं: पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधे सोलेनॉइड व्हॉल्व्ह. यांत्रिक डायफ्रॅम पंप बंद लाइनवर ढकलत राहिला तरी स्वतःच्या स्प्रिंगच्या दाबापलीकडे जात नाही. फक्त कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल साठवणारं फ्लोट चेंबर रिकामं होईपर्यंत इंजिन पेट्रोल खाईल, तेवढं धरून चाला.

'डिझेललाही हीच युक्ती.' डिझेल इंजिनात ठिणगी नाही आणि लाकूडगॅस नुसत्या दाबाच्या उष्णतेने भरवशाने पेटत नाही. पेटवायला थोडं डिझेल प्रत्येक स्ट्रोकला लागतंच, एकूण गरजेच्या साधारण १५ ते २० टक्के. पुरवठा तोडलात तर इंजिन बंद पडेल, आणि रोटरी किंवा कॉमन रेल पंप असेल तर त्याचं वंगणही डिझेलच असल्याने तो आतून घासला जाईल. गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) असलेल्या जुन्या इंजिनात पंपाला हात न लावता गॅस वाढवत न्या. वेग वाढू लागला की गव्हर्नर आपणहून डिझेल कमी करतो. नोझल डिझेलनेच थंड राहतं, त्यामुळे १५ टक्क्यांच्या खाली उतरायचा मोह टाळा.