उन्हाळ्यात आल्प्सला जायचं ते कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑस्ट्रियातल्या उन्हाळी सुट्टीच्या लेखावर तुम्ही चांगली सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आल्प्स बघायचे ते बर्फात, उन्हाळ्यातले हिरवे डोंगर आपल्याला पावसाळ्यात सह्याद्रीत फुकट दिसतात. तुमच्या मावसबहिणीचं कुटुंब मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं, तर अर्धे रोपवे बंद आणि वर पाऊस. शाकाहारी माणसाने तिथे ब्रेड-बटाट्यावर दिवस काढायचे. त्याच पैशांत हिमाचलच्या चार सहली होतात. आणि शेवटी, गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना तिथे न्यायचं कशासाठी?

सुरुवात मे महिन्यापासून करू, कारण निम्मी तक्रार तिथूनच निघते. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि आल्प्सचा उन्हाळा यांचा मेळ बसत नाही. स्कीचा हंगाम ईस्टरच्या आसपास संपतो. त्यानंतर रोपवेवाले दोर, चाकं, ब्रेक तपासायला घेतात आणि बहुतेक रोपवे मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात. ग्रोसग्लॉकनर या ऑस्ट्रियातल्या सर्वोच्च शिखराजवळचा घाटरस्ता साधारण मेच्या सुरुवातीला मोकळा होतो, तोही यंत्रांनी बर्फ कापून. दोन हजार मीटरच्या वरच्या पायवाटांवर जूनच्या मध्यापर्यंत बर्फाचे पट्टे असतात, आणि डोंगरावरच्या निवासी झोपड्या साधारण मध्य-जून ते सप्टेंबरअखेर चालू असतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलेल्यांना हिवाळाही मिळत नाही आणि उन्हाळाही नाही. स्वस्त विमान आणि रिकामी हॉटेलं मिळतात, ती का हे तिथे पोचल्यावर कळतं.

मुलांच्या शाळा जूनच्या मध्यात सुरू होत असतील तर १ ते १४ जून ही अरुंद फट आहे, विदर्भातल्यांना आणखी आठवडाभर मिळतो. त्या दिवसांत तलाव, धबधबे, मधल्या उंचीची कुरणं आणि बहुतेक रोपवे चालतात. उंच खिंडी सोडून द्यायच्या. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी सप्टेंबर धरावा. वादळं कमी होतात, हवा स्वच्छ असते, आणि उन्हाळाभर वरच्या कुरणांवर चरलेल्या गाई फुलांचे मुकुट आणि मोठ्या घंटा बांधून खाली गावात आणतात. त्या उन्हाळ्यात कळपातलं एखादं जनावर दगावलं असेल तर गाई सजवत नाहीत. गणपती सप्टेंबरात आले की पंचाईत होते, हे मान्य. दिवाळीच्या सुट्टीचा बेत मात्र करू नका. तोवर बरेच रोपवे पुन्हा बंद होतात.

पावसाबद्दल तुमचं बरोबर आहे. आल्प्सच्या उत्तर उतारावर जुलै हा वर्षातला सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक असतो, आणि साल्झबुर्गची रिमझिम तर प्रसिद्ध आहे. पण तो आपल्यासारखा सलग पाऊस नसतो. बऱ्याचदा सकाळ कोरडी जाते आणि दुपारी दोन-तीननंतर ढग चढून गडगडाट होतो. म्हणून पहिल्या रोपवेने वर जायचं आणि दोनच्या आत उघड्या धारेवरून खाली यायचं. धारेवर गडगडाट गाठलाच तर लोखंडी तारांपासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हायचं. सकाळी तिकीट काढण्याआधी वरच्या स्टेशनचा वेबकॅम बघायचा. बहुतेक रोपवेंचा असतो. खाली ऊन आणि वर दाट धुकं, किंवा खाली ढग आणि वर लख्ख आकाश, दोन्ही रोजच्या गोष्टी आहेत. उत्तरेत दोन-तीन दिवस पाऊस धरून बसला तर टाउअर्न पर्वतरांगेच्या दक्षिणेला केर्न्टन प्रांतात बरेचदा ऊन असतं, आणि तिथल्या वोर्थरझे तलावाचं पाणी भर उन्हाळ्यात २५ अंशांच्या आसपास जातं.

आता मूळ मुद्दा, बर्फ नाही तर बघायचं काय? बर्फ असतो, फक्त वर असतो. झिलरताल खोऱ्यातल्या हिंटरटुक्स हिमनदीवर बाराही महिने स्की चालतं आणि रोपवे ३,२५० मीटरपर्यंत नेतो. काप्रूनच्या किट्झश्टाइनहॉर्नवर ३,०२९ मीटरवर स्टेशन आहे. वेर्फेनजवळची आइसरीझनवेल्ट ही ४२ किलोमीटर लांबीची गुहा, तिचा सुरुवातीचा भाग बर्फाचा. ती मे ते ऑक्टोबर याच काळात उघडी असते आणि आत ऑगस्टमध्येही शून्याच्या आसपास तापमान असतं. आत सातशे पायऱ्या चढून तितक्याच उतरायच्या आहेत, हे गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवावं. क्रिमलचा धबधबा ३८० मीटर, तीन टप्प्यांत. त्याला पाणी हिमनदीचं, म्हणून तो जून-जुलैमध्ये सर्वांत भरलेला असतो. हिवाळ्यात तो गोठतो. आणि जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. सात दिवसांच्या सहलीत हा फरक पैशांत मोजण्यासारखा आहे.

हिमाचलशी तुलना केलीत ते बरं झालं. हिमालय मोठाच आहे, त्यावर वाद नाही. पण आल्प्स ४७ अक्षांशावर आणि मनाली ३२ वर, त्यामुळे आल्प्समध्ये झाडांची रेषा दोन हजार मीटरच्या आसपास संपते आणि हिमनदी त्या मानाने खूप खाली येते. ग्रोसग्लॉकनर रस्त्यावरच्या कायझर-फ्रान्झ-योसेफ्स-ह्योहेवर तुम्ही २,३६९ मीटरवर असता आणि समोर देशातली सर्वांत लांब हिमनदी पास्टर्झे आणि ३,७९८ मीटरचं सर्वोच्च शिखर. (हिमनदी झपाट्याने आटते आहे. जुने फोटो पाहून जाऊ नका, निराशा होईल.) असं दृश्य हिमाचलात हवं तर बहुधा रोहतांगच्या ३,९७८ मीटरच्या वर जावं लागतं, आणि विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरनंतर सुरू होतो. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात मान्सून आणि दरडी असतात. म्हणजे चार सहली होतील हे खरं, पण त्याच महिन्यांत नाही.

खर्च कमी होतो तो एका जागी राहिल्याने. रोज गाव बदलणारी सहल आल्प्समध्ये सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी. एक खोरं निवडा, सात रात्री तिथेच काढा. सभासद हॉटेलांत किंवा अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला बऱ्याच खोऱ्यांत उन्हाळी पाहुणेकार्ड मुक्कामाबरोबरच मिळतं. उदाहरणार्थ, झेल आम झे आणि काप्रून (तलावकाठ, उंची ७५७ मीटर, साल्झबुर्गहून ट्रेनने दीड तास). त्यांच्या कार्डात श्मिटनह्योहेचा रोपवे, तलावातली बोट, पोहण्याचे तलाव, क्रिमलचा प्रवेश असं बरंच येतं. काही गोष्टी रोज, काही मुक्कामात एकदाच. यादी दरवर्षी बदलते, म्हणून बुकिंगआधी घरमालकाला दोन प्रश्न लिहून विचारा: तुमचं घर या कार्डाचं सभासद आहे का, आणि आमच्या तारखांना कार्ड चालू आहे का? शेजारच्या दोन घरांत एकाकडे असतं आणि दुसऱ्याकडे नसतं. वीस-तीस युरो स्वस्त घर घेऊन रोपवेला माणशी त्याहून जास्त मोजण्याचा प्रकार इथेच होतो. मुक्कामाचा स्थानिक कर बहुधा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, तो तिथे वेगळा द्यावा लागतो.

घर घेताना उन्हाचाही विचार करा. खोऱ्याच्या तळाशी जुलैमध्ये पारा तीसच्या वर जातो आणि बहुतेक घरांत एसी नसतो, कधी पंखाही नसतो. वरच्या मजल्यावरची लाकडी छताखालची खोली टाळलेली बरी.

गाडी घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. महामार्गाचा विन्येट (टोल भरल्याचं स्टिकर) हवा, आणि ग्रोसग्लॉकनर रस्त्याचा टोल वेगळा, एका गाडीला चाळीस युरोंच्या पुढे. तो रस्ता ४८ किलोमीटर, वळणं ३६, चढ १२ टक्क्यांपर्यंत. उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून जळका वास येतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये. सकाळी नऊच्या आधी वर लागलात तर वर पार्किंग मिळतं.

जेवणाचं तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे, पण अडचण वेगळीच आहे. उपासमार होत नाही, फसगत होते. काझनॉकन किंवा केझश्पेट्झले हे चीज घातलेले छोटे गोळे मांसाविना असतात, पण पिठात अंडं असतं. काझप्रेसक्न्योडल हा चीजचा तळलेला गोळा शाकाहारी, पण तो बहुधा सूपमध्ये घालून देतात आणि ते सूप गोमांसाच्या हाडांचं असतं. फ्रिटाटनझुप्पे, म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप, त्याचंही तेच. नुसतं क्न्योडल म्हणून मागवलं तर त्यात डुकराचे तुकडे निघू शकतात. ‘ओने श्पेक, ओने रिंडझुप्पे’ (डुकराचं मांस नको, गोमांसाचं सूप नको) एवढं सांगता आलं तरी बरंचसं निभावतं. गेर्मक्न्योडल, म्हणजे आत प्लमचा मुरांबा भरलेला वाफवलेला मोठा गोळा वर खसखस आणि व्हॅनिला सॉस, हे झोपड्यांवरचं पोटभर जेवण आहे. अंडं अजिबात चालत नसेल तर तेही विचारूनच घ्यावं.

त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. श्पार, होफर, बिल्ला या दुकानांत तांदूळ, मसूर, छोले, दही, भाज्या मिळतात. गोडा मसाला, हिंग, तूरडाळ घरून न्या. तूप, पेढे, बर्फी, चक्का मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस सामानात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. रविवारी दुकानं बंद, आणि १५ ऑगस्टलाही, तिथे तो धार्मिक सुट्टीचा दिवस आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान भरलं नाही तर सोमवारपर्यंत स्टेशनवरच्या महागड्या दुकानावर भिस्त.

चालण्याबद्दल थोडं, कारण उन्हाळ्यात जायचं खरं कारण तेच. पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असतो. वेळ काढायची रीत अशी: सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढाला तासाला ३०० मीटर, उताराला ५००. अंतराचा वेळ आणि चढाचा वेळ वेगळे काढा, मोठ्यात लहानाचा निम्मा मिळवा. ६ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर दीड तास आणि दोन तास, म्हणजे पावणेतीन तास. त्यात थांबे धरलेले नाहीत. वाटा निळ्या (सोप्या), लाल (मध्यम), काळ्या (अवघड). कळसूबाई आरामात करणाऱ्याला लाल वाट जमते. काळ्या वाटेवर मात्र दम पुरेसा नाही, तिथे पाय घसरला की परतीचा मार्ग नसतो. कुरणातून जाताना वासरं असलेल्या गाईंपासून निदान वीस-तीस मीटर लांबून जा. आपल्याकडच्या गरीब गाईची सवय तिथे धोक्याची ठरते. मदतीसाठी डोंगरी बचाव पथकाचा क्रमांक १४०, नाहीतर ११२. हेलिकॉप्टरचं बिल तुम्हालाच येतं. व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा विमा घेताना त्यात डोंगरातली शोध-सुटका धरली आहे का ते वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींत नसते. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा, विमान झ्युरिकला उतरत असलं तरी.

राहिले आई-वडील. खरं तर या सुट्टीचा सर्वांत जास्त फायदा त्यांनाच आहे. श्मिटनह्योहेला १,९६५ मीटरवर बंद डब्यातून जाता येतं आणि वर बऱ्यापैकी सपाट फेरी आहे. काप्रूनच्या मोसरबोडन धरणाला सुमारे २,०४० मीटरवर जायला बस, मग मोठी उघडी तिरकी लिफ्ट, मग पुन्हा बस, आणि वर भिंतीवरून सपाट चालायचं. तीन हजार मीटरच्या स्टेशनवर त्यांना अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका, चक्कर येऊ शकते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. खुर्चीचा रोपवे टाळा, कारण ती खुर्ची बऱ्याच ठिकाणी थांबत नाही, चालत्यातच बसा-उठायचं असतं. आणि चढण्यापेक्षा उतरण्यानेच गुडघे जातात, म्हणून वर पोचल्यावर पहिलं काम शेवटचा डबा खाली किती वाजता जातो ते पाटीवर बघून घेणं. बहुतेक ठिकाणी साडेचार ते पाच. तो चुकला तर हजार मीटर पायी उतरावं लागतं.