मुनीमजीची तेरवी

मुनीमजीला जाऊन आज तेरा दिवस झाले. सकाळी सासूबाईंनी बोटं मोजली अन् म्हणाल्या, "आज तेरवी पडते त्याची." नवरा हसला. मला काही हसू आलं नाही. बोक्याची तेरवी घालण्याइतके आम्ही अजून पुढे गेलेलो नाही, पण मनातलं लिहून टाकायला हा दिवस बरा आहे. पोस्ट लांब होणार. ज्यांना मांजरांचं वावडं आहे त्यांनी इथूनच पुढे जावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

मुनीमजी आमच्या त्रिमूर्तीनगरच्या गल्लीतला बोका. इतवारीतल्या जुन्या पेढीवर गादीला टेकून मुनीम बसतात ना, तसा पुढचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून बसायचा. एक कान फाटलेला, मान जाड, अंगावर भांडणांचा सगळा हिशोब लिहिलेला. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो आमच्या कूलरच्या स्टँडखाली मुक्कामाला आला. रात्री टाकीतून जे पाणी ठिबकतं, ते चाटत बसायचा. तासन् तास.

माझी पहिली चूक इथेच झाली. नवतपा सुरू होता, पारा पंचेचाळिसाला टेकला होता, अख्खं नागपूर पाणी पाणी करत होतं. मांजर पाणी पितं यात काय नवल, असं मी समजले. खरं तर मांजराचे पूर्वज वाळवंटातले. त्याला तहान मुळातच कमी, लघवी घट्ट. पाण्यावर असं तुटून पडणारं मांजर म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे आमच्या उन्हाळ्यात कळतच नाही. जुलैत पाऊस लागला, कूलर बंद झाला, तरी हा अंगणातल्या बादलीत तोंड घालून पीत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

त्याला भाजीच्या टोपलीत घातलं, वर दुसरी टोपली उपडी बांधली अन् ऑटोने सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. रांगेत पुढे एक शेळी, मागे दोन कुत्रे. मुनीमजीने कोणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ४.२. फार चढलेलं. डॉक्टर म्हणाले, किडनी गेलेली आहे. मांजराच्या किडनीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग निकामी होईपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही, आणि जो भाग गेला तो परत येत नाही. मग ते वाक्य बोलले, जे मी पुढची दीड वर्षं मनात घोळवत राहिले. "बरा होणार नाही. सांभाळता येईल."

पिल्लू गटारात पडलं, काढलं, पुसलं, दूध पाजलं, फोटो टाकला, हजार लाइक आले. ही दया मलाही जमते. पाय मोडला, प्लास्टर झालं, दीड महिन्यात चालायला लागलं, हेही जमतं. त्या कथेला शेवट असतो. ज्याला बरं व्हायचंच नाही त्याच्या कथेत "आधी" अन् "नंतर" असे दोन फोटो नसतात. मधलेच फोटो असतात सगळे, आणि ते सगळे सारखे दिसतात.

तर मधला फोटो कसा असतो तो सांगते. एक दिवसाआड संध्याकाळी सात वाजता. आरएलची बाटली, म्हणजे सलाइनचीच एक जात, ती पातेल्यातल्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायची. गार पाणी अंगात गेलं की तो अंग चोरतो. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून पाहायचे, लहान पोराचं दूध पाहतो तसे. बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची. मुनीमजीला मांडीवर घ्यायचं, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, तिचा छोटा तंबू होतो, त्या तंबूच्या पायथ्याशी सुई घालायची. आधी कातडी अडते, मग अचानक अडत नाही. ते बोटांना कळतं, डोळ्यांना नाही. शंभर मिली जायला सात-आठ मिनिटं. कातडीखाली पाण्याचा फुगा येतो अन् हळूहळू एका पायाकडे उतरतो, त्यामुळे तो उठला की तासभर एका बाजूने जाडा दिसायचा. पहिल्या आठवड्यात माझी सुई दोनदा कातडीच्या आरपार गेली अन् सगळं पाणी माझ्याच साडीवर.

सासूबाई तेव्हा देवघरात असायच्या. त्यांची दिवाबत्तीची वेळ तीच. त्यांना आणखी एक मांजर घरात नकोच होतं. "कूलरखाली राहू दे त्याले, घरात नोको आनू" हा त्यांचा पहिला हुकूम. पण कीर्तनात वाढलेल्या बाईला नाथांची गोष्ट पाठ. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. ती गोष्ट त्या मला सांगायला लागल्या, कौतुकाने. मी जरा चिडलेलीच होते त्या दिवशी, सुई नीट लागत नव्हती. म्हटलं, "आई, ते गाढव एकदा पाणी प्यायलं, उठलं अन् गेलं. ते दुसऱ्या दिवशी परत आलं असतं तर? दीड वर्ष रोज आलं असतं तर?"

सासूबाईंनी वात नीट केली अन् म्हणाल्या, "तर गिरिजाबाईनं भरून ठेवलं असतं पानी."

मी बघतच राहिले. नाथांच्या घरचा रोजचा रगाडा त्यांच्या बायकोने, गिरिजाबाईंनी ओढला, हे बाई इतक्या सहज बोलून गेल्या. पहिल्या दिवसाची करुणा कीर्तनात येते. दुसऱ्या दिवसाचं पाणी कोणीतरी घरातलं भरतं, त्याचं कीर्तन होत नाही. त्या आठवड्यापासून पातेल्यात पाणी गरम करायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. न विचारता.

वरच्या मजल्यावरच्या ताई बौद्ध आहेत. त्यांच्या बैठकीत २२ प्रतिज्ञांची फ्रेम आहे, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या. मी ती फ्रेम शंभरदा पाहिली असेल, वाचली कधीच नव्हती. नवरात्रात आम्ही गावाला गेलो तेव्हा मुनीमजीला सुई कोण देणार हा प्रश्न होता. ताई म्हणाल्या, "मी देते ना, शिकवा मला." मी म्हटलं, ताई, तुम्हाला उगाच त्रास. त्यांनी फ्रेमकडे बोट केलं. तेरावी प्रतिज्ञा. सर्व प्राणिमात्रांवर दया करीन, आणि पुढे, त्यांचे लालनपालन करीन. ताई म्हणाल्या, "दया तर कोणीही करते हो. पुढचा शब्द पाहा." लालनपालन. आई लेकराचं करते ते. त्याला शेवटची तारीख नसते. श्रद्धेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण "पुढचा शब्द पाहा" एवढं कोणी सांगितलं नव्हतं.

आता जरा रागाचं. "तुम्ही किती पुण्य कमावता हो!" असं म्हणून माझ्या गेटवर पिल्लांचे खोके ठेवून जाणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पुण्य माझं अन् पिल्लंही माझीच? मी चार मांजरांवर थांबले आहे, कारण चारांच्या वर माझ्याच्याने नीट होत नाही. एका घरात चाळीस मांजरं कोंडून ठेवणं ही सेवा नाही, तिथे रोगराई पसरते अन् एकाचंही धड होत नाही. खरंच पुण्य हवं असेल तर आपल्या गल्लीतल्या एका मांजरीची नसबंदी करून आणा. "माणसं उपाशी मरून राहिली अन् तुम्ही बोक्याला सलाइन लावता" म्हणणाऱ्या काकांना मी एकदा विचारलं, या महिन्यात किती माणसं जेवू घातली? तेव्हापासून ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाने फिरायला जातात.

घारी नावाच्या आमच्या मांजरीला एफआयव्ही आहे, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू. कोणीतरी त्याला "मांजरीचा एड्स" म्हटलं अन् शेजारणीने पोरांना अंगणात पाठवणं बंद केलं. हा विषाणू १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. तो मुख्यतः मांजरांच्या कडकडून चावण्यातून पसरतो आणि माणसाला होत नाही. घारी घरात राहते, भांडायला जात नाही, तीन वर्षांपासून ठणठणीत आहे. "तिचं प्रारब्ध, सोडून द्या" हा सल्ला मी ऐकला असता तर? प्रारब्ध या शब्दाची मला भीतीच वाटते. एफआयपी हा मांजरांचा आणखी एक विषाणूचा आजार. तो झालेलं मांजर मरणारच, असं वर्षानुवर्षं डॉक्टरही सांगायचे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात बारा आठवड्यांच्या इंजेक्शनांनी, काहींना ती पुन्हा द्यावी लागली, ३१ पैकी २५ मांजरं वाचली. म्हणजे प्रारब्धसुद्धा औषध सापडेपर्यंतच.

एक गोष्ट लिहू की नको, असं तेरा दिवस चाललंय. लिहिते. २०१५ साली एक पांढरी मांजरी अंगणात यायची. एक दिवस तिचं अंग तापलेलं लागलं. घरात पॅरासिटामॉल होतं. माणसाला पाचशे, तर हिला पाव, असा हिशोब करून मी तो तुकडा दुधात कुस्करून दिला. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड सुजलं, हिरड्या चॉकलेटी झाल्या, श्वास लागला. रात्री गेली. माणसाचं यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करतं, ती वाट मांजराच्या शरीरात जवळजवळ नसतेच. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष, पावही नाही अन् चिमूटभरही नाही. मला ते माहीत नव्हतं. सासूबाईंनी तेव्हा काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते म्हणून सांगितलं होतं, अन् मी त्यांच्यावर ओरडले होते. पण खरं सांगू, मुनीमजीच्या प्रत्येक बाटलीचं बिल देताना मला ती पांढरी मांजरी आठवायची. महिन्याला अडीच-तीन हजार. सोन्याच्या मांजरीचे हप्तेच म्हणा.

गेल्या महिन्यात त्याने खाणं सोडलं. आधी मासा, मग मऊ भात, मग काहीच नाही. वजन साडेतीन किलोवरून दोनवर आलं, तोंडाला किडनीवाल्या मांजराला येतो तसा उग्र वास. डॉक्टर घरी आले अन् म्हणाले, आता ओढू नका. मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आड येतील, "देवानं दिलेला जीव" वगैरे म्हणतील. त्या उठल्या, देवघरात गेल्या अन् पितळेची झाकण सील केलेली ती छोटी गडवी घेऊन आल्या. काशीहून आणलेलं गंगाजल. अकरा वर्षांपासून ते त्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं, घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं की माझ्या वेळी शोधत बसू नका, इथे आहे. चाकूच्या टोकाने सील काढलं. पळीने दोन थेंब मुनीमजीच्या ओठावर सोडले. त्याने जीभ बाहेर काढून चाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने काही तोंडात घेतलं ते तेवढंच.

"आई, ते तुमचं होतं."

"माह्यासाठी दुसरं आनता येते," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांना, "हं, करा तुम्ही."

अंगणात आता कूलरचं रिकामं स्टँड आहे. काल संध्याकाळी सात वाजता सासूबाईंनी सवयीने पातेल्यात पाणी ठेवलं अन् उकळायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग त्याचाच चहा केला, दोघींनी प्यायला.

आरएलच्या चार बाटल्या उरल्या आहेत, सीलबंद, तारीख बाकी असलेल्या. सुयाही आहेत. कोणाकडे किडनीचं मांजर असेल अन् डॉक्टरांनी आरएल लिहून दिलं असेल, तर चिठ्ठी दाखवा अन् फुकट घेऊन जा. सुई धरायला भीती वाटत असेल तर संध्याकाळी सातला या, मी शिकवते, वरच्या ताईही शिकवतात. येताना पिल्लांचा खोका आणू नका.