घर खाली करा म्हणता, पण लिहून कोण देणार?

बरेच दिवस लिहायचं होतं, रिपोर्ट सबमिट होईपर्यंत थांबले. या पावसाळ्यात मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या आपत्ती कक्षात स्टुडंट फेलो होते. जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, त्यातली कुठली ते मुद्दाम सांगत नाही कारण ज्यांच्याकडून शिकले ती माणसं अजून तिथेच रात्रपाळी करतायत. मी कळव्याची, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातलं एमए) दुसऱ्या वर्षाला. माझं काम म्हणजे धोकादायक बिल्डिंगचे कॉल नोंदवायचे, टीमबरोबर जायचं आणि बाहेर काढलेल्या कुटुंबांचे फॉर्म भरायचे.

रात्री दोननंतर फोन वाजला की कक्षातले सगळे एकदम गप्प होतात हे मी पहिल्याच आठवड्यात बघितलं. नंतर कळलं का ते. नौपाड्यात बी केबिनची कृष्णा निवास ४ ऑगस्ट २०१५ ला पडली ती मध्यरात्रीनंतर, १२ माणसं गेली. भिवंडीची जिलानी बिल्डिंग २१ सप्टेंबर २०२० ला, पहाटे. बेलापूरजवळ शहाबाज गावातली इंदिरा निवास २७ जुलै २०२४ ला, तीही पहाटेच, आणि तिथे तीन जण गेले पण पन्नासच्या आसपास माणसं वाचली कारण आवाज आल्या आल्या ती बाहेर पडली होती. म्हणून सांगते, घरात कटकट आवाज येत असेल, नीट लागणारा दरवाजा अचानक अडकायला लागला, पिलरवर उभी चीर वाढत चालली, तर सकाळची वाट बघू नका, शेजाऱ्यांना उठवा आणि खाली उतरा. सळई गंजली की फुगते आणि आतून काँक्रीट फोडते, आपण वरून पुट्टी मारून रंग देतो आणि दोन वर्षं निश्चिंत राहतो.

पावसाळ्याच्या आधी महापालिका यादी काढते ती तुम्ही पेपरात बघितली असेल. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ किरकोळ. यादी लागते, नोटीस चिकटते, आणि तरी लोक जात नाहीत. मग आपण म्हणतो लोकांनाच जिवाची पर्वा नाही. मी पण असंच म्हणायचे, जूनपर्यंत.

जुलैत एका चार मजली बिल्डिंगचा कॉल आला, दुसऱ्या मजल्याची गॅलरी कोसळली होती. सुदैवाने कोणी खाली नव्हतं. फायर ब्रिगेडने सगळ्यांना उतरवलं, वीज तोडली, पोलीस आले, धो धो पाऊस, लहान मुलं झोपेत रडतायत. एक काकू मात्र जिन्यातून हलेनात. मी वर गेले (जायला नको होतं, नंतर ओरडा बसला आणि बरोबरच बसला) आणि म्हटलं काकू चला ना, जीव महत्त्वाचा आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी खाली उतरले की दाराला सील. उद्या बिल्डिंग पाडली की माझी खोली इथे होती, एवढी होती, हे कोण सांगणार? तू लिहून देशील?"

माझ्या हातात फॉर्म होता. नाव, वय, कुटुंबात किती जण, आजार, स्थलांतरित झाले का होय/नाही. खोली केवढी होती याला रकानाच नव्हता.

खरं तर २०१५ च्या शासनाच्या सूचनांमध्ये हे आहे, की पाडण्याआधी कोण राहतंय त्याची यादी करायची आणि कुणाच्या ताब्यात किती क्षेत्रफळ आहे ते मोजायचं. म्हणजे काकू जे मागत होत्या ती मेहरबानी नव्हती. पण अख्ख्या प्रभागाला एक जेई (ज्युनिअर इंजिनिअर), गटारं पण त्याच्याकडेच, झाडं पण त्याच्याकडेच. त्या बिल्डिंगची मोजणी होऊन कागद हातात यायला २३ दिवस लागले. तेवढे दिवस काकू शाळेच्या हॉलमध्ये झोपायच्या आणि दिवसभर बिल्डिंगसमोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसायच्या, आपल्या दारावर लक्ष ठेवून. आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक दादा तर पट्टी ओलांडून दोनदा आत जाऊन आले, घरपट्टीच्या पावत्या राहिल्या होत्या म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो कागद हीच इमर्जन्सी सर्व्हिस आहे. शिडी, रोप, टेकू जितके गरजेचे तितकाच तो पण. लेझर मीटरने एक खोली मोजायला दहा मिनिटं लागतात, मी स्वतः धरलाय. सी-१ ची यादी पावसाच्या आधीच तयार असते ना, मग एप्रिल-मेमध्ये नोटीस द्यायला जाताना मोजून का नाही येत? नोटीस आणि मोजणीचा कागद एकाच दिवशी एकाच हातात द्या, बघा किती लोक आपणहून उतरतात ते.

हे मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा एक साहेब म्हणाले, असा कागद दिला की अनधिकृतवाले हक्क सांगत येतील. मला हे पटलं नाही आणि आजही पटत नाही. कागदावर फक्त कोण राहत होतं आणि केवढ्या जागेत, एवढंच असतं, त्याने बांधकाम अधिकृत होत नाही. शीळफाट्याची लकी कंपाउंडमधली बिल्डिंग अनधिकृतच होती, काम चालू असताना माणसं राहत होती, ४ एप्रिल २०१३ ला ७४ जण गेले. अनधिकृत म्हणून त्यांना आधी बाहेर काढायचं नव्हतं का?

रिपोर्टमध्ये फॉर्मचा नवीन नमुना जोडलाय, क्षेत्रफळाच्या रकान्यासकट. पुढे काय झालं ते अजून कळलं नाहीये, विचारत राहीन.

तुमच्या किंवा ओळखीत कुणाच्या बिल्डिंगला नोटीस आली असेल तर घरपट्टीची पावती, लाईट बिल, भाडेपावती किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट याचे फोटो आजच काढून ठेवा, घराबाहेरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, आणि प्रभाग ऑफिसला मोजणीसाठी लेखी अर्ज करून पोच घ्या. अर्ज कसा लिहायचा कळत नसेल तर इनबॉक्स करा, मी लिहून देईन.